रुमालाखालचं विमान

पुढं जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. गणपतीच्या देवळाकडं तोंड करून शपथ घेतो. आता, मी बसलोय तिथून देऊळ दिसत नाही, मध्ये गुळाच्या ढेपांची थप्पी लागली आहे, त्यामुळं तोंड नेमकं देवळाकडंच आहे की जरा बाजूच्या गिरणीकडं वळलंय, याची हमी देत नाही. तेवढा फरक गोष्टीतही पडला असेल तर सांभाळून घ्या. कुठं काय घुसडलं ते शेवटी माझं मीच सांगून टाकीन.

हसायचं तर आत्तापासून हसायला लागा, कारण फजिती माझी आहे. माणूस बैल घेताना फसतो, जमीन घेताना फसतो, सोयरीक करताना तर फसतोच फसतो. मी विमानाचं तिकीट घेताना फसलो. आमच्या अख्ख्या पेठेत हा मान मिळवणारा मी पहिलाच.

माझं नाव दत्तोबा. सांगलीच्या पेठेत हळदीची दलाली करतो. आमच्या धंद्याची रीत तुम्हाला ठाऊक नसेल तर आधी ती ऐका, कारण आमचं घोडं तिथंच पेंड खातं. हळदीचा भाव आम्ही तोंडानं बोलत नाही. हातावर रुमाल टाकायचा, रुमालाखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबायची. किती दाबली, कुठली दाबली, त्यावर भाव. वर तोंड वेगळंच काही बोलत असतं. "छ्या, परवडत न्हाई, पोती घरला नेतो," असं तोंड म्हणतं आणि खाली बोटं म्हणत असतात, "चल, दिली." तोंडाचं बोलणं भोवतीच्या लोकांना ऐकवायला. खरं बोलायचं ते रुमालाखाली. या सवयीनं मी इतका बिघडलोय की बायकोनं "आमटी बरी झालीय का?" विचारलं तरी मी आधी तिच्या बोटांकडं बघतो.

दुसरी एक विद्या आमच्या अंगात भिनलेली असते. घाई करायची नाही. सकाळी जो ताठ असतो तो दिवस कलला की वाकतो. भरलेली गाडी कोण परत नेतो? बाजार उठायच्या वेळेला जो शांत उभा असतो, त्याची चांदी.

ही झाली माझी विद्वत्ता. आता आक्का.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होतो, त्यामुळं आई म्हणून जे काही मला आठवतं ते सगळं आक्काच. तिला दिली साताऱ्याकडं, मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावात. नवरा लवकर वारला. एकुलता एक आनंदा पलटणीत भरती झाला, मोटारी दुरुस्त करायच्या कामावर. लढाईत इटलीला गेला, तिथून विलायतेला. लढाई संपली, गावची बाकीची पोरं बिल्ले लावून परत आली, हा तिकडंच बस दुरुस्तीच्या कारखान्यात राहिला आणि नॅन्सी नावाच्या एका गोऱ्या पोरीशी लगीन करून मोकळा झाला.

आक्कानं अबोला धरला. आनंदाचं पत्र आलं की मास्तरांकडून वाचून घ्यायची, मास्तर दमले तरी पुन्हा वाचून घ्यायची आणि पदर झटकून म्हणायची, "मला काय त्याचं?" उत्तर मात्र धाडायची नाही.

स्वातंत्र्य येऊन वर्ष उलटलं होतं. गणपती नुकते बोळवले होते आणि मी पेढीवर माश्या मारत बसलो होतो, कारण तो हळदीचा हंगाम नव्हे. तेवढ्यात आक्का दारात. काखेत गाठोडं, पायावर सांगलीपर्यंतची धूळ. न कळवता कधी न येणारी बाई.

"दत्तू, इलायतेला जायाचंय."

"कुणाला?"

"मला. आनी कुनाला, तुज्या म्हशीला?"

मी पाणी आणलं. आक्का टेकली, घोट घेतला आणि मग सांगितलं. "नानशीला दिस गेल्यात. दिवाळीच्या आगंमागं मोकळी व्हईल. तिची आई लढाईत बाँबखाली गेली रं. घरात बाईमानूस न्हाई. बाळतपन कोन करनार? आनंदा? त्याला चाक काढाया येतं, चाक बसवाया येतं."

"आक्का, तू तर तिचं नाव घेत न्हवतीस."

"न्हवते घेत. आता घेतीया."

विषय संपला. आक्काचे विषय असेच संपतात.

बोटीनं जावं तर आधी बोट मिळायची पंचाईत, मग समुद्रातले आठवडे. पोहोचेपर्यंत पोर पालथं पडायला लागलं असतं. उरलं विमान. तसली विमानं नुकतीच मुंबईहून सुटायला लागली होती, आठवड्याला एखादं. परवान्याचे कागद आनंदाच्या पलटणीतल्या साहेबाच्या ओळखीनं झाले. तिकिटासाठी आनंदानं पैसे धाडले होते, पण विमानाचं भाडं म्हणजे काय विचारता! तेवढ्यात आमच्याकडं विहीर बांधून होते, वर मोट आणि बैल. जे कमी पडत होतं त्यासाठी आक्कानं गाठोड्यातून पाटल्या काढल्या. आमच्या आईच्या. आईची तेवढीच एक वस्तू घरात उरलेली.

मी छाती पुढं काढली. "पाटल्या मोडायच्या न्हाईत. जपून ठेव. भाऊ दलाल कशाला केलाय? भाडं पाडून देतो."

"इमानाचं भाडं पडतं व्हय?"

"बघच तू."

हे "बघच तू" माझ्या कपाळी कोरून ठेवायला हवं.

साताऱ्याच्या सदर बाजारात सोराबशेट नावाचे एक म्हातारे पारशी आहेत. गोऱ्या साहेबांच्या काळापासून त्यांचं दुकान. बिस्किटं, मेणबत्त्या, बुटांचं पॉलिश, आणि एका कोपऱ्यात बोटीची तिकिटं. साहेब गेले, बिस्किटं उरली, आणि शेटनी बोटीच्या जोडीला विमानाची तिकिटंही ठेवली. भिंतीवर विमानाचं चित्र होतं. आक्का बराच वेळ त्या चित्राकडं बघत राहिली.

"ह्याला पंख हालवाया येत न्हाईत," ती हळूच म्हणाली.

"बाय, नाय हालवत तेच बरा," शेट म्हणाले. "बस. दत्तोबा, तू पण बस."

शेटनी भाडं सांगितलं. मी नेहमीसारखा हसलो. भाव ऐकून हसणं ही पहिली पायरी.

"शेट, ते झालं साहेबलोकांचं. आमच्या आक्काकडं बघा. काडीसारखी बाई. वजनावर लावा."

"वजनावर? बाय काय हळद हाय?"

"बरं, खिडकी नको. दाराशी बसंल."

"विमानात दाराशी कोणी नाय बसत रे, बाबा."

"मिरजेला गाडी बदलतात तसं मधी कुठं उतरून दुसरं धरलं तर? ते कैरो का काय लागतं ना वाटंत? तिथून पुढं एखादं स्वस्तातलं बघंल ती."

आक्का म्हणाली, "मी न्हाई उतरनार मधी. मला उतरवलं तर मी तिथंच बसंन."

शेटनी कपाळाला हात लावला. "दत्तोबा, सांभळ, ऐक नी. जागा थोड्या हाय. आज पैसे भर, मी मुंबईला तार करते. बायला टायमावर जायचा हाय."

आता तुम्हीच सांगा. विकणारा माणूस "आजच घे, उद्या मिळायचं नाही" असं म्हणाला, तर त्यावर कुठला दलाल विश्वास ठेवील? मी तर रोज हेच वाक्य सकाळपासून दुपारपर्यंत बोलतो.

मी खांद्यावरचा रुमाल काढला. शेटचा हात टेबलावर होता, त्यावर टाकला आणि खालून धरला.

"अरे, काय करते? माझा हात कशाला पकडते?"

"बोला, शेट. आता खरं बोला."

आणि काय सांगू, शेटची बोटं बोलायला लागली! म्हाताऱ्याच्या हाताला कंप होता. पण ते मला मागाहून कळलं. तेव्हा मला एवढंच जाणवलं की रुमालाखाली बोटं सारखी हलतायत. पाच, मग चार, मग पुन्हा पाच, मग तीन. मी म्हटलं, वा रे पठ्ठ्या. वर तोंड म्हणतंय भाडं ठरलेलं आहे, त्यात पै कमी होत नाही, आणि खाली हा आपला पाचावरून तिनावर आलाय.

"घाबरू नको नी," शेट म्हणाले. "काय नाय होत."

मी मनात हसलो. घाबरतोय कोण? म्हणे घाबरू नको!

मी रुमाल झटकला आणि उठलो. "परवडत न्हाई, शेट. येतो." आणि सरळ दुकानाबाहेर. ही दुसरी पायरी. समोरचा पाचव्या पावलाला हाक मारतो. मी चिंचेखाली जाऊन पाठमोरा उभा राहिलो. हाक आली नाही. आक्काही आली नाही. बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसत बाहेर आली.

"काय करत होतीस?"

"पानी प्याले."

"शेट काय म्हनला?"

"म्हनला, भाऊ लय हुशार हाय तुमचा."

"बघ. वाकलाय. पाटल्या जपून ठेव फकस्त."

"ठेवल्यात रं. लय जपून ठेवल्यात."

आता भाडं पाडायचं तर नेमकं कधी घ्यायचं, हे ठरवायला हवं होतं. मी पेठेत चारचौघांत विषय काढला. आमचा हमाल गणपा म्हणाला, "अण्णा, रिकामी गाडी परत न्यायच्या टायमाला गाडीवान निम्म्या भाड्यात बोजा घेतोय. इमान काय येगळं हाय? निघायच्या वक्ताला जावा." दुसरा म्हणाला, "पितरांचा पंधरवडा धरा. त्यात कोन शाना मानूस परवासाला निघतोय? ओस पडतंय बघा इमान." मला तर हर्षच झाला. सर्वपित्री अमावस्येला विमान सुटत असेल तर कंपनीवाले रस्त्यावर उभं राहून माणसं गोळा करत असणार!

पुढच्या आठवड्यात पुन्हा सातारा. मी अमावस्येचा बेत शेटपुढं मांडला. शेट चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले.

"दत्तोबा, विमानात साहेब लोक बसते. साहेब लोकांना अमावस्या माहीत नाय."

"पण चालवनाऱ्याला तर माहीत असंल?"

"तो तर वरती असते. त्याला चंद्र असला नसला सारखाच."

हे सगळं वरवरचं बोलणं. मी रुमाल टाकला, हात धरला. आणि खरं सांगतो, कंप कमी झाला होता. पाच नाही, चार नाही, दोन-तीन बोटांचीच हालचाल. भाव पडतोय! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आज जरा बरा हाय?" शेटनी विचारलं.

"बरा म्हंजे? उतरतोय की," मी म्हणालो.

जाताना मला म्हाताऱ्याची दया आली. गिऱ्हाइकापुढं इतकी बोटं हलवून दमत असेल बिचारा. सोबत निवडक राजापुरी हळद नेली होती, त्यातली पुडी पुढं केली. "रातच्याला दुधातून घेत जा, शेट. हाताला बरं पडंल."

शेटनी पुडी माझ्याकडंच सरकवली. "तूच घे, दिकरा. तुला जास्ती पायजे."

पारशी माणूस किती शिष्टाचारी! मी पुडी त्यांच्या टेबलावर ठेवून निघालो.

मग दर आठवड्याला सातारा, आणि साताऱ्याला गेलं की भावाचा अहवाल द्यायला मेढ्याला जाणं आलंच. मोटार मेढ्यापर्यंत, पुढं डोंगर चढून पायी. आक्का ओसरीत वाट बघत असायची. मी कट्ट्यावर बसून सांगायचो, पाचाचे तीन कसे झाले, शेट कसा वाकतोय. आक्का नाचणीची भाकरी थापता थापता "व्हय का? मग?" करत ऐकायची. घेवड्याची आमटी, भाकरी, गाय व्याली होती म्हणून खरवस. जेवण झालं की म्हणायची, "डोकं बघ कसं कोरडं पडलंय," आणि तेलाची वाटी घेऊन मागं बसायची. चाळिशी ओलांडलेला, मिशीला पीळ देणारा दलाल, आणि बहीण डोक्याला तेल थापतेय. पेठेतल्या कुणी बघितलं असतं तर माझ्या बोटांची पत गेली असती.

एका खेपेला मी विचारलं, "आक्का, इमानात भ्या न्हाई वाटायचं?"

"कशाचं?"

"वर लय उंच जातं म्हनं."

"मी काय खाली ऱ्हाते व्हय? माजं घर डोंगरावर हाय," ती म्हणाली. मग तेलाचा हात थांबला. "तुला वाटतंय का भ्या?"

"मला? मी कशाला भीन? मी थोडाच बसनार हाय त्यात."

"न्हाई, मी आपलं इचारलं."

घटस्थापना झाली. इकडं आक्काची तयारी जोरात. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, आपल्या खणाच्या जुन्या चोळ्या उसवून शिवलेली कुंची आणि टोपडी. कुंचीला मोत्याऐवजी पांढरे मणी लावले होते. "इलायतेत थंडी असती. लेकराचं कान झाकलं पायजेत," म्हणायची. मी त्या टोपड्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा बोटांवर दिवस मोजले. दिवाळी काही फार लांब नव्हती. बास झालं ताणणं, या खेपेला सौदा मिटवायचा.

पुन्हा सदर बाजार. मी रुमाल टाकला, हात धरला. आणि काय आश्चर्य! शेटनी दुसराही हात रुमालाखाली घातला आणि माझा हात दोन्हीकडून घट्ट धरला. कंप नाही, हालचाल नाही, सगळं गार. आमच्या पेठेत दोन हात कुणी लावत नाही. मी त्याचा अर्थ लावला, माल तुझा, भाव शेवटचा.

"पक्का!" मी म्हणालो. "काढा तिकीट, शेट. दसऱ्यानंतरच्या पहिल्या विमानाचं."

शेटनी रुमाल बाजूला केला, घडी घातली आणि माझ्या खांद्यावर ठेवला.

"दत्तोबा, आता जागा कुठं? मुंबईची तार आली. दिवाळी होईपर्यंत सगळे विमान फुल. एक जागा नाय."

"आनी भाडं?"

"पहिल्या दिवशी सांगितला तेच. एक पै खाली नाय, एक पै वर नाय. मी तुला बोललो होतो."

"तुमी तोंडानं बोलला होता!"

"मग माणूस कशानं बोलते?"

 मी हातापाया पडलो. दुप्पट भाडं घ्या म्हणालो, मालाच्या डब्यात बसवा म्हणालो, माझ्या ओळखीनं कैरोपर्यंत पोहोचवा म्हणालो. कैरोत माझी कसली ओळख! शेट फक्त म्हणाले, "घरी जा. बायला जाऊन सांग. जे हाय ते सरळ सांग."

मेढ्याचा तो डोंगर मी कसा चढलो ते माझं मला ठाऊक. वाटेत तीन थापा जुळवल्या. विमानाचा पंख मोडला, विलायतेत पटकी पसरली, कंपनी बुडाली. एरवी माझ्या थापा तोंडात आल्या की आपोआप फिरायला लागतात. त्या दिवशी एकीलाही पाय फुटेना.

आक्का ओसरीत लाडू डब्यात भरत होती. एक लाडू माझ्या हातावर ठेवला. "कितीवर आला शेट?"

मी लाडू धरून तसाच बसलो. "आक्का, जागा गेली."

"कसली जागा?"

"इमानातली. दिवाळीपातूर एक पन न्हाई. तो पहिल्याच दिशी म्हनत हुता आज घे. मीच ताणलं. बाजार उठायची वाट बघत बसलो आनी बाजारच उठून गेला. तुज्या हातचं नानशीचं बाळतपन चुकलं माज्यापायी." आणि मग, मिशी असून, पेठेत पत असून, मी त्या लाडवावर रडलो.

आक्कानं हातातला लाडू डब्यात टाकला. डब्याचं झाकण लावलं. कमरेची चंची सोडली, सुपारी बाजूला केली, कात बाजूला केला आणि घडी घातलेला एक जाड कागद माझ्या मांडीवर ठेवला. त्यावर तेच भिंतीवरचं विमान छापलेलं होतं. न हलणाऱ्या पंखांचं.

"दसऱ्यानंतरचं पैलं इमान," आक्का म्हणाली. "बघ, नीट हाय का? मला वाचाया येत न्हाई."

मी वाचलं. नीट होतं. नाव आक्काचं होतं.

"हे कवा?"

"पैल्याच दिशी. तू चिंचंखाली हुबा हुतास न्हवं, तवा मी पानी प्याले."

"आनी पाटल्या?"

"शेटकडं जपून ठेवल्यात म्हनलं की मी."

"आईच्या पाटल्या, आक्का!"

"आईच्याच. तिच्या लेकीला नातवाकडं न्यायला गेल्या. तिनं काय न्हाई म्हनलं असतं व्हय?"

मी कागदाकडं बघितलं, आक्काकडं बघितलं, लाडवाकडं बघितलं. मग माझं डोकं भडकलं. "मग मला हेलपाटं का घालाया लावलंस? मी काय येडा म्हनून आठवड्याला सांगलीहून सातारा, सातारहून मेढं करत हुतो? तो पारशी पन सामील?"

"त्याला मीच म्हनलं हुतं, भावाला बोलू नका म्हनून."

"पन का?"

आक्कानं माझ्या हातातला भिजलेला लाडू काढून घेतला, दुसरा कोरडा दिला.

"तू भाऊबीजंला मनिआर्डर धाडतोस, दत्तू," ती म्हणाली. "लय सालं झाली. पोस्टमन येतो, अंगठा घेतो, जातो. त्याला मी ओवाळते व्हय? औंदा मी इलायतेला जानार. परत येते, न येते, कुनी बघितलंय. आनी तू आठवड्याच्या आठवड्याला यायला लागलास. ताटावर बसून बोलायला लागलास. मी म्हनलं, शेट, त्याला भाव करू दे अजून."

मी तो कोरडा लाडू खाल्ला.

दसरा झाला. मी, आक्का आणि लाडवांचा डबा मुंबईच्या विमानतळावर. तिथं आक्काला काट्यावर उभी केली. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "बघ, हळदच केली माजी." काट्यावरच्या माणसानं डबा उघडून वास घेतला, तिनं त्याला एक लाडू दिला, डबा सुटला.

निघायची वेळ झाली. चारी बाजूंनी टोपीवाले, गाऊनवाल्या, आणि मध्ये नऊवारीतली काडीसारखी आमची आक्का. मोठ्यानं म्हणाली, "जा आता तू. पेठ उघडी टाकून आलाईस. हुबा ऱ्हाऊ नगंस बघत." तोंड असं म्हणत होतं. पदराखाली मात्र तिनं माझा हात धरला होता आणि सोडत नव्हती. सगळी बोटं दाबली होती तिनं, एकूण एक. एवढा भाव पेठेत आजवर कुणाला मिळालेला नाही.

मग ती चालत गेली आणि जिना चढली. विमान न हलणाऱ्या पंखांनी वर गेलं. मी बघत राहिलो.

दिवाळीत आनंदाची तार आली. मुलगी झाली, नॅन्सी खुशाल आहे, आक्का वेळेत होती, आणि तिकडच्या नर्सबाई आक्काला घाबरून असतात. मागून फोटो आला. कुंचीतलं गोरं पोर आणि मांडी घालून बसलेली आक्का. शेजारी नॅन्सी हातात लाडू धरून हसतेय.

आता ठरल्याप्रमाणं घुसडलेलं काय ते सांगतो. तुम्हाला वाटेल विमान खोटं. नाही. कैरो, अमावस्या, काट्यावरचा लाडू, सगळं झालेलं आहे. खोटं आहे ते एकच. सोराबशेटच्या हाताला कंप नव्हता. म्हाताऱ्याचा हात पाट्या-वरवंट्यासारखा, कधी हलला नाही.

रुमालाखाली थरथरत होता तो माझा हात.

माझी आक्का आभाळातून जाणार, या नुसत्या विचारानं. ते शेटना पहिल्या दिवशीच कळलं, आक्काला डोक्याला तेल लावताना कळलं. उभी हयात लोकांची बोटं वाचणाऱ्या मला तेवढं सोडून सगळं कळलं. ती हळदीची पुडी शेटनी, आम्ही मुंबईला जाताना साताऱ्यात थांबलो तेव्हा, आक्काच्या हाती परत दिली होती, विमानात चढण्याआधी ती माझ्या पिशवीत ठेवून गेली. रोज दुधातून घेतो. आक्का उन्हाळ्यात परत यायचं म्हणतेय, आणि परतीच्या तिकिटाचा भाव करायला यंदा मला कुणी बोलावलेलं नाही.